जुनी जपानी तलवार हाती आली आहे? आधी गंजापासून हात लांब ठेवा

गवतीचहा

नमस्कार मंडळी.

गेल्या आठवड्यात इथे खंडेनवमीच्या पूजेचे फोटो आले होते. त्यात एकाने पणजोबांची तलवार चिंच आणि रांगोळीने घासून लख्ख केली होती, आणि खाली सगळ्यांनी कौतुकही केलं होतं. सणाच्या दिवशी कुणाचा हिरमोड नको म्हणून मी तिथे काही लिहिलं नाही. पण पोटात गोळा आला. हीच चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून हा धागा.

मी अकरा वर्षं तोक्योत आहे, एदोगावा वॉर्डात. माझ्या नोकरीचा तलवारींशी काडीचा संबंध नाही. उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात तलवारींचं दालन आहे. एका पावसाळी रविवारी तिथे शिरलो आणि संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली तेव्हाच बाहेर पडलो. काचेआडच्या पात्यावर धारेच्या कडेने धुक्यासारखी पांढुरकी पट्टी होती. ताठ उभं राहून बघितलं तर काहीच नाही. गुडघ्यात वाकून वरच्या दिव्याचं प्रतिबिंब त्या पट्टीवर आणलं, की बारीक कण एकेक करून चमकायला लागायचे. त्या पट्टीला हामोन म्हणतात. ती वरून काढलेली नक्षी नसते. पाणी देण्याआधी लोहार पात्यावर मातीचा लेप देतो, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. तापवून पाण्यात बुडवलं की धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. धारेकडचं पोलाद कडक होताना फुगतं, म्हणून पातं पाठीकडे वाकतं. म्हणजे ती ऐटदार बाकसुद्धा बरीचशी पाण्यातच येते. कडक आणि चिवट भागांची सीमा जिथे असते तिथे ती धुक्याची रेघ.

त्यानंतर दोन वर्षं नुसतं बघितलं आणि वाचलं. मग पहिली वाकिझाशी घेतली. इथे लांबी शाकूत मोजतात. एक शाकू म्हणजे ३०.३ सेंटिमीटर. दोन शाकू आणि वर असेल तर कताना, एक ते दोन शाकू वाकिझाशी, त्याखाली तान्तो. माझी ४९.७ सेंटिमीटरची, बिनसहीची. किंमत एक लाख चाळीस हजार येन. पात्याच्या मधोमध जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढा लाल गंज होता, म्हणून स्वस्त.

आता मुद्द्याचं. मूठ उतरवली की आत पात्याचा जो शेपटासारखा भाग दिसतो, त्याला नाकागो म्हणतात. तो लोहार मुद्दामच चकाकवत नाही. त्यावर कानशीचे तिरके ओरखडे असतात, सही असेल तर छिन्नीने खोदलेली असते, आणि वर शेकडो वर्षांचा गंज बसलेला असतो. हा गंज काळा-जांभळट, घट्ट, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतो. त्याचा रंग, कानशीच्या रेघांची बोथट झालेली टोकं, सहीच्या अक्षरांच्या कडा कितपत झिजल्यात, यावरून जाणकार वय सांगतात. तो गंज घासला की सही खरी की खोटी हे ठरवायचं साधनच गेलं. आणि खोट्या सह्या इथे शेकडो वर्षांपासून चालत आल्या आहेत. सतराव्या शतकात एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, कोतेत्सु नावाचा लोहार होऊन गेला, आधी चिलखतं करायचा. त्याच्या नावाच्या इतक्या नकली तलवारी निघाल्या, की कोतेत्सु दिसली तर आधी खोटीच समजा असं इथले लोक सांगतात.

तर नाकागोला तेलाचा ओझरता हात सोडून काहीही लावायचं नाही. पात्यावरचा लाल गंज ही वेगळी गोष्ट. तो काढावा लागतो, पण ते काम तोगिशीचं, म्हणजे पाती घोटणाऱ्या कारागिराचं.

मी माझी वाकिझाशी घेऊन एका तोगिशीकडे गेलो. पातं हातात घेण्याआधी त्यांनी त्याला मान लववली. मग धार दिव्याकडे करून टोकापासून मुठीपर्यंत दोनदा नजर फिरवली. ते हागिरे शोधत होते, धारेला आडवी गेलेली केसाएवढी चीर. ती सापडली तर पातं गेलंच म्हणायचं. सापडली नाही. मग म्हणाले, आधी खिडकी उघडून बघू. म्हणजे पात्याचा चार-पाच सेंटिमीटरचाच तुकडा पूर्ण घोटायचा, आत काय दडलंय ते बघायचं आणि मग पुढचं ठरवायचं. तीन आठवड्यांनी गेलो तर मळकट लोखंडात एक उजळ चौकट होती. तिच्यात लाकडाच्या शिऱ्यांसारखे पोलादाचे पदर, आणि खाली सरळ, मधेच जरा डुललेली हामोनची रेघ. मी बराच वेळ काही बोलू शकलो नाही.

पूर्ण कामाला आठ महिने लागले आणि एक लाख नव्वद हजार येन. तलवारीपेक्षा घोटाई महाग. हे इथे नेहमीचं आहे, त्यामुळे खराब पातं स्वस्तात मिळालं म्हणून हुरळून जाऊ नका. खरबरीत दगडापासून मऊ दगडापर्यंत सहा-सात पायऱ्या असतात. शेवटचा दगड उचिगुमोरी, क्योतोजवळच्या डोंगरातला नैसर्गिक दगड. त्याची कागदासारखी पातळ चकती काढतात, मागून जपानी कागद लाखेने चिकटवतात, आणि नखाएवढा तुकडा अंगठ्याखाली धरून तासन्‌तास घासत बसतात. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं पेर डाव्यापेक्षा रुंद झालेलं मी पाहिलंय.

प्रत्येक घोटाईत पातं झिजतं. बाहेरचं कडक पोलाद चिवट गाभ्यावर गुंडाळलेलं असतं, फार वेळा घोटलं की गाभा वर येतो आणि पातं थकलेलं दिसायला लागतं. म्हणजे एका तलवारीच्या नशिबी घोटाया मोजक्याच. माझी एक मी वापरली. पुढच्या माणसासाठी त्यातली एक कमी झाली, हे मनातून जात नाही.

आता माझी चूक. क्योतोतल्या तोजी देवळापाशी दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो. तिथे लोखंडी त्सुबा मिळाली, मुठीपुढची चकती. आरपार कोरलेली, दोन करकोचे पंख पसरून गोल झालेले. वर लाल गंजाचे डाग होते. मी घरी आणून ती रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली. सकाळी लाल गंज गेला होता आणि त्याच्याबरोबर तीनशे वर्षांचा काळा-जांभळा थरही. उरलं ते राखाडी लोखंड, नुकत्याच घासलेल्या विळीसारखं. सहा वर्षं झाली. रोज सुती फडक्याने पुसतो, खिडकीत ठेवतो. थोडा तपकिरी रंग धरलाय. पूर्वीचा रंग मला पुन्हा बघायला मिळणार नाही.

इथे आणखी कुणाकडे अशा वस्तू आहेत का? प्रश्न असतील तर विचारा, माहीत असेल ते सांगेन.

---

चाफा२०

फार सुंदर लिहिलंय. खिडकीचं वाचताना अंगावर काटा आला. एक बाळबोध प्रश्न: परदेशी माणसाला तिथे तलवार बाळगता येते? परवाना लागतो का?

---

गवतीचहा

@चाफा२०, बाळबोध अजिबात नाही. इथे परवाना माणसाला नसतो, नोंद तलवारीची होते. १५ सेंटिमीटरहून लांब पातं असेल तर त्याबरोबर नोंदणीचा कागद हवाच. त्यावर प्रकार, लांबी, बाक, मूठ अडकवणाऱ्या खिळीच्या भोकांची संख्या आणि सही लिहिलेली असते. तलवार विकली की कागद तिच्याबरोबर जातो, आणि नव्या मालकाने २० दिवसांत ज्या प्रांताचा कागद आहे तिथल्या शिक्षण मंडळाला कळवायचं. हो, शिक्षण मंडळाला. तलवार इथे कलावस्तू म्हणून नोंदली जाते. जुन्या घराच्या माळ्यावर बिनकागदाची सापडली तर आधी पोलीस ठाण्यात कळवायचं, मग तपासणी होऊन नोंद होते. मी इथला रहिवासी म्हणून घेऊ शकलो.

---

ठाणेकर_नाना

माहितीपूर्ण धागा. पण इकडे मागवायचा विचार असलेल्यांनी सांभाळून. आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रं त्याच्या नियमांच्या यादीत येतात. परवान्याचं बंधन कुठे लागू आहे हे अधिसूचनेवर ठरतं. आधी वकील, मग खरेदी. आणि घरच्या जुन्या तलवारीचा फोटो सोशल मीडियावर हातात उगारून टाकू नका, पोरांनो. फार महागात पडतं.

---

गवतीचहा

नाना, अगदी बरोबर. जपानातून बाहेर न्यायलाही इथल्या सांस्कृतिक खात्याचा दाखला लागतो, नोंदणीचा कागद परत करावा लागतो, आणि राष्ट्रीय ठेवा ठरलेली पाती तर बाहेर जातच नाहीत. मी माझी भारतात आणणार नाही. मी गेल्यावर ती इथेच कुणाकडे तरी जाईल.

---

लोहभस्म

मी पुण्याचा, धातुशास्त्राचा माणूस. थोडी भर घालतो.

पारंपरिक जपानी पोलाद तातारा भट्टीत होतं. मातीची भट्टी, आत लोहवाळू आणि लोणारी कोळसा, तीन दिवस-तीन रात्री अखंड. शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमोत १९७७ साली तलवार जतन संस्थेने ही भट्टी पुन्हा सुरू केली आणि आजही हिवाळ्यात ती पेटते. एका खेपेला साधारण १० टन वाळू आणि १२ टन कोळसा जातो, हाती येतो अडीच टनांचा लोळा, आणि त्यातलं उत्तम प्रतीचं तामाहागाने टनभरही नसतं. ते असमान असतं, कुठे कार्बन जास्त, कुठे कमी, मधे मळी. म्हणून लोहार घडी घालून ठोकतो, पुन्हा घडी, पुन्हा ठोकणं. दहा घड्यांत हजारावर पदर होतात. तुम्ही म्हणता त्या शिऱ्या तिथून येतात.

आपल्याकडचं पोलाद वेगळ्या वाटेने गेलं. ते मुशीत वितळवून केलेलं, त्यावरचा जौहर, म्हणजे पात्यावर दिसणारी लहरींची नक्षी, घड्यांचा नसून गोठताना आतच तयार झालेला. आणि या दोन वाटा एका ठिकाणी भेटतात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला एचिझेन प्रांताचा यासुत्सुगु हा तोकुगावांचा, म्हणजे तेव्हाच्या जपानच्या सत्ताधारी घराण्याचा, लोहार होता. खुद्द घराण्याचा प्रमुख इएयासू याने त्याला आपल्या नावातलं 'यासु' हे अक्षर दिलं आणि नाकागोवर घराण्याचं तीन पानांचं चिन्ह कोरायची मुभा दिली. त्याच्या कित्येक पात्यांवर सहीबरोबर लिहिलेलं आहे, 'नानबान लोखंड वापरून एदोत घडवली'. नानबान म्हणजे दक्षिणेकडून जहाजांनी येणारे परके, पोर्तुगीज वगैरे. त्याच काळात गोवळकोंड्याच्या मुलखातलं मुशीचं पोलाद मच्छलीपट्टणहून डच जहाजांत चढून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, जात होतं. तिथून ते पुढे जपानला पोचलं असावं असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे तोकुगावांच्या एखाद्या तलवारीत आपल्या दख्खनच्या मातीतलं लोखंड असू शकतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्रभर झोपलो नव्हतो.

---

चाफा२०

लोहभस्मकाका, हे तर स्वतंत्र लेखाचं आहे. लिहाच. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत!

---

मोरपीस

संग्रहालयात वस्तूंच्या जतनाचं काम करते, बहुतेक कापड आणि लाकूड. दोन वर्षांपूर्वी ओकायामाजवळ ओसाफुनेच्या तलवार संग्रहालयात जायचा योग आला. बिझेन या जुन्या प्रांताचे नावाजलेले लोहार शेकडो वर्षं तिथलेच. आवारातच कारागीर काम करतात, जाऊन शेजारी उभं राहून बघता येतं. हे संग्रहालय ज्या सेतोउची शहरात आहे, त्याने २०२० साली लोकवर्गणीच्या बळावर उएसुगी या सरदार घराण्याची सांचोमो ही तलवार ५० कोटी येनांना घेऊन आपल्या गावी आणली.

मला पात्यापेक्षा मुठीने आणि म्यानाने वेड लावलं. सगळे पात्याबद्दल बोलतात म्हणून हे लिहिते.

मूठ होनोकी लाकडाच्या दोन फाकांची. हे लाकूड मऊ, त्यात राळ नाही, म्हणून पातं गंजवत नाही. वर पाकट माशाची दाणेदार कातडी, आणि त्यावर रेशमी किंवा सुती फीत. फीत समोरासमोर वेढे घेत जाते आणि मधे चौकटीसारखी कातडी दिसत राहते. त्या चौकटी मुठीवर घसरत का नाहीत, असं मी तिथल्या कारागिराला विचारलं. त्यांनी एक वेढा उलगडून दाखवला. प्रत्येक तिढ्याखाली कागदाची दोन इवली त्रिकोणी पाचर होती, ओलसर. पाचरीमुळे फितीची कड ताठ राहते आणि वर्षानुवर्षं जागची हलत नाही. एका मुठीत अशा कितीतरी पाचरी. बाहेरून एकही दिसत नाही.

आणि म्यान. तेही दोन फाकांचं, आणि ते चिकटवतात कशाने, तर भाताच्या खळीने. शिजवलेला भात फळीवर लाकडी पट्टीने घोटून घोटून गुळगुळीत करायचा, बस्स. मी विचारलं, आणखी मजबूत गोंद का नाही? म्हणाले, म्यान पुन्हा उघडता आलं पाहिजे. आत घाण गेली, गंज लागला, तर सांध्यावर पातळ पातं ठेवून हलकेच ठोकतात, म्यान दोन फाकांत उघडतं, आतून साफ करून पुन्हा भात लावून मिटवतात. जतनाच्या अभ्यासक्रमात आम्हाला शिकवतात की जे केलं ते पुढच्याला सोडवता आलं पाहिजे. ते लोक हे शेकडो वर्षं शिताने करत आलेत.

@गवतीचहा, जुनी फीत फाटली असेल तर बदलायची घाई करू नका ही माझी विनंती. एदोकाळातली मूठ तशीच राहू दे, पात्यासाठी साधं पांढरं लाकडी म्यान करून घ्या.

---

सुपारीबाग

भात चिकटवायचा हे वाचून लहानपणचे पतंग आठवले. शीत बोटाने चुरून कागदाच्या घडीवर फासायचं.

धाग्याबद्दल आभार. वाचतोय.

---

गवतीचहा

मोरपीसताई, हा प्रतिसाद माझ्या लेखापेक्षा मोलाचा आहे. माझ्या वाकिझाशीला तसंच केलंय. पातं शिरासायात, म्हणजे तुम्ही म्हणता त्या पांढऱ्या लाकडी म्यानात. जुनी मूठ, त्सुबा, लाखेचं म्यान हे सगळं एकत्र ठेवलंय आणि पात्याच्या जागी आत लाकडी पट्टी घातलीय, म्हणजे साज सुटा पडत नाही. शिरासायाला आणखी पन्नास हजार येन गेले, पण ते सार्थकी लागले.

घोटाई झाल्यावर पातं परीक्षणाला दिलं. तलवार जतन संस्था १९४८ची, तिचं संग्रहालय आता र्‍योगोकूला आहे, सुमोच्या आखाड्यापासून चालत जाता येतं. चार पायऱ्यांचे दाखले देतात, मला पहिल्या पायरीचा मिळाला: बुंगो ताकादा. म्हणजे क्यूशू बेटावरचा, आजच्या ओइता प्रांतातला लोहारसमूह. फार नावाजलेले नव्हेत, भरपूर आणि कामाची शस्त्रं करणारे. मला ते आवडलं. कुणीतरी ही रोज कमरेला लावून हिंडलं असेल.

---

कृष्णाकाठ

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे आजोबा मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात. १९४६ला घरी आले ते एक जपानी तलवार घेऊन. आमच्या गावच्या घरी, सातारा जिल्ह्यात, लोखंडी पेटीत असते. आजी दर खंडेनवमीला काढून हळदकुंकू लावायची, आता आई लावते. म्यानावर कातड्याची खोळ आहे, मुठीवर पितळी फुलं. धाग्याचं नाव वाचून धस्स झालं, कारण मागच्या वर्षी मी पॉलिशपेपर आणून ठेवलाय. अजून वापरला नाही. काय करू?

---

गवतीचहा

दादा, पॉलिशपेपर आजच कुणाला तरी देऊन टाका. वापरला नाहीत हे फार चांगलं झालं.

पितळी फुलं साकुराची असणार. लष्करी साज आहे, १९३०-४०च्या दशकांतला. पण आत काय आहे ते बाहेरून सांगता येत नाही. बरेच अधिकारी घराण्यातलं जुनं पातं लष्करी मुठीत बसवून घेऊन जायचे, तर बऱ्याचजणांना कारखान्यातलं पातं मिळायचं. मूठ उतरवून नाकागो बघितल्याशिवाय कळायचं नाही. घाई करू नका, कुणीतरी मदतीला घ्या, पोरंबाळं लांब ठेवा. असं करा:

मुठीत आरपार बांबूची खिळी असते, एक किंवा दोन. तिचं एक तोंड बारीक असतं. त्या बाजूने लाकडी किंवा पितळी दांडीने हलकेच ठोकून बाहेर काढा. लोखंडी खिळा वापरू नका. खिळी निघाली की मूठ डाव्या हातात धरून पातं वरच्या दिशेला तिरपं, धार तुमच्यापासून लांब. मग उजव्या मुठीने डाव्या मनगटावर हलके ठोसे मारा. दोन-चार ठोशांत पातं सैल होतं. नाहीच झालं तर सोडून द्या, जोर लावू नका. त्सुबाच्या दोन्ही बाजूंना पातळ चकत्या असतील, आठसुद्धा असू शकतील. निघतील त्या क्रमाने दोऱ्यात ओवून ठेवा. बहुतेकदा प्रत्येकीवर एकच आकडा ठोकलेला असतो.

नाकागोला काही करू नका, फक्त फोटो. पात्यावर बोट लावू नका, घामाचा ठसा दोन दिवसांत गंजतो.

आणि आईंना एक सांगा. पूजा जरूर करा, पण हळदकुंकू म्यानाला लावा किंवा तलवार पाटावर ठेवून पाटाला लावा. ओलं कुंकू पात्यावर राहिलं की तिथे खड्डा पडतो. वर्षातून तीन-चार वेळा मऊ सुती कापडाने जुनं तेल पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. इथे पारंपरिक तेलाला लवंगेचा वास असतो, चोजी म्हणजे लवंगच. आमच्या घरात आता तो वास मुरलाय.

---

लोहभस्म

एक शंका. तिकडचे लोक पांढरी पुरचुंडी पात्यावर आपटतात ना, दगडाच्या पिठीची? ती लावावी का?

---

गवतीचहा

काका, ती उचिको. माझे तोगिशी म्हणाले, ताज्या घोटलेल्या पात्याला मुळीच नको. पिठी म्हणजे शेवटी दगडच, बारीक ओरखडे पडत जातात. आता बरेच जाणकार नुसतं मऊ कापड आणि तेल पुरे म्हणतात.

त्सुबाबद्दल व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) दोघांनी विचारलंय, इथेच सांगतो. लोखंडी त्सुबावरचा लाल गंज काढायची इथली रीत म्हणजे हाडाचा किंवा शिंगाचा टोकदार तुकडा. तो लोखंडाहून मऊ आणि लाल गंजाहून टणक, त्यामुळे खालचा काळा थर शाबूत राहतो. माझ्या दुसऱ्या त्सुबाला चाळीसेक संध्याकाळी लागल्या. भारतात सांबराचं शिंग शोधायच्या फंदात पडू नका, वन्यजीव कायद्यात अडकाल. म्हशीचं हाड चालतं. तांब्याच्या साजाला मात्र हेही नाही. शाकुदो म्हणजे तांब्यात थोडं सोनं घालून केलेला मिश्रधातू. त्याचा निळसर काळा रंग म्हणजे वरचा अतिपातळ थर आहे. पितळेच्या भांड्यांची पावडर लावली की खाली नुसतं तांबं राहील.

---

कृष्णाकाठ

काल मामांना घेऊन केलं. तिसऱ्या ठोशाला सुटलं. चकत्या आठ होत्या, सगळ्यांवर ४७. नाकागोवर उजळ तपकिरी गंज, एक भोक, त्याच्या वर छोटा गोल शिक्का आणि आत एक अक्षर. फोटो व्यनि केलेत.

---

गवतीचहा

फोटो बघितले. शिक्क्यातलं अक्षर 'सेकी'. गिफू प्रांतातलं सेकी गाव, पात्यांचा जुना गड. युद्धकाळात तिथून लष्करासाठी हजारोंनी पाती निघाली आणि तपासणीचा हा शिक्का त्यांच्यावर पडायचा. गंजाचा रंगही ऐंशी वर्षांचाच आहे. म्हणजे पातं साधारण १९४०च्या आसपासचं, कारखान्यातल्या पोलादाचं, पाण्याऐवजी तेलात बुडवलेलं. धारेची रेघ दिसते, पण तिच्यात ते चमकणारे कण नाहीत. जुनं घराण्यातलं पातं नाही, हे सांगताना मला वाईट वाटतंय.

युद्ध संपल्यावर अमेरिकनांनी इथल्या घराघरांतून तलवारी जमा करून घेतल्या. बहुतेक नष्ट झाल्या. तोक्योच्या अकाबाने इथल्या कोठारातल्या साडेपाच हजारांच्या आसपास १९४७ साली राष्ट्रीय संग्रहालयाच्या हवाली झाल्या, त्यातल्या ३,२०९ पुढे १९९९मध्ये गावोगावच्या संग्रहालयांना वाटल्या. तुमची तलवार मात्र त्या सगळ्याबाहेर, सातारच्या पेटीत राहिली. ती आहे तशी जपा.

---

कृष्णाकाठ

वाईट नका वाटून घेऊ. आजोबांनी आणली म्हणून ती आमच्याकडे आहे, किमतीसाठी नाही.

पण आणखी एक. पेटीच्या झाकणाच्या आतल्या कापडी खिशात एक लाकडी पट्टी सापडली, पोस्टकार्डाच्या निम्मी, वर भोक आणि त्यात सुतळी. शाईने काहीतरी लिहिलंय. आईला आठवतं, ही पूर्वी मुठीला बांधलेली असायची. फोटो पाठवलाय.

---

गवतीचहा

दादा, ही पट्टी तुमच्या सगळ्या पेटीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे.

शरणागतीच्या वेळी जपानी अधिकारी तलवार देताना अशी चिठ्ठी बांधायचे, पुढेमागे परत मिळेल या आशेने. शाई फिकट झालीय, पण वर हुद्दा वाचता येतो, लेफ्टनंट. खाली आडनाव आणि नाव. इथे लिहीत नाही, तुम्हाला व्यनि केलंय.

---

मोरपीस

वाचून डोळे भरून आले. कृष्णाकाठ, पट्टीला पाणी, तेल, फेविकॉल, लॅमिनेशन काहीही नको. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून पुठ्ठ्याच्या डबीत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो. सुतळी तशीच राहू दे.

---

कृष्णाकाठ

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या माणसाच्या घरचे असतील तर त्यांना परत द्यायची. तलवार पाठवता येईल का?

---

गवतीचहा

तलवार नाही येणार. पारंपरिक रीतीने न घडवलेल्या पात्याची जपानात नोंदच होत नाही, आणि नोंद नाही म्हणजे ते इथे आणलं तर जप्त होऊन नष्ट होणार. तुमच्याकडेच ती सुरक्षित आहे. पट्टीला मात्र कुठलाच कायदा आडवा येत नाही. मला मागच्या बाजूला आणखी दोन-तीन अक्षरं दिसतायत, कदाचित गावाचं नाव असेल, पण फोटोत उजेड समोरून पडलाय. सकाळच्या तिरप्या उन्हात, पट्टी आडवी ठेवून, बाजूने फोटो काढाल का? फिकट शाई तशीच उठून दिसते.

---

कृष्णाकाठ

काढतो. आमच्या ओसरीवर साडेसातला ऊन येतं.